ब्लूटूथ सापडत नाही

३ मार्च, मंगळवार

लॅपटॉपचं वायरलेस कार्ड बदललं. निवृत्त झाल्यापासून हातून झालेलं पहिलं धड काम.

महिनाभर वाय-फाय मधेच गळून पडत होतं. ही म्हणायची, "पडतं तर पडू दे, परत लागतं ना." मला ते बघवत नव्हतं. सगळी नोकरी लिफ्ट सांभाळण्यात गेली. "मधेच थांबते, पण परत चालू होते" असं सांगणाऱ्या लोकांना मी कायम झापत आलो, आणि आता घरात तेच चालवून घ्यायचं? नवं कार्ड मागवलं होतं, ते आज आलं. ही दुपारची पडलेली असताना खालचं झाकण उघडलं.

कार्ड बोटाच्या दोन पेरांएवढं. त्याला दोन बारीक तारा, एक काळी, एक पांढरी. तारांच्या टोकाला मोहरीएवढ्या टोप्या, त्या कार्डावरच्या टिकल्यांवर दाबून बसवलेल्या. काढताना जुन्या कार्डाची एक टिकली टोपीबरोबर उपटूनच आली. म्हणजे जुनं कार्ड कामातून गेलं. तसंही ते टाकायचंच होतं.

नवं बसलं. वाय-फाय सुसाट. ही उठल्यावर तिला दाखवलं. "छान," म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

४ मार्च, बुधवार

घोटाळा झालाय.

हिला बऱ्याच वर्षांपासून कमी ऐकू येतं, दोन्ही कानांत यंत्रं आहेत. समोरासमोर ओठ बघून तिचं भागतं. लॅपटॉपच्या स्पीकरचा मात्र तिला आवाज येतो, शब्द येत नाहीत. म्हणून गळ्यात घालायची एक पट्टी आणली आहे. लॅपटॉपमधला आवाज ब्लूटूथने पट्टीत जातो आणि पट्टीतून थेट कानात. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी चिंगीचा व्हिडिओ कॉल असतो, तो या पट्टीच्या जोरावर चालतो. चिंगी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. दुसऱ्या शहरात नोकरी करते, लग्न झालं, तिशी ओलांडली, तरी चिंगीच.

आज पट्टी लागेना. बघतो तर लॅपटॉपवर ब्लूटूथचं चिन्हच नाही. बंद असतं तर चालू केलं असतं. हे गायबच!

"काल काय केलंत तुम्ही?" हिने विचारलं.

"कार्ड बदललं. त्याचा याच्याशी काय संबंध?"

संबंध आहे. खोक्यावर वाचलं. वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डात असतं.

पट्टी माझ्या फोनला जोडून बघितली. फोनवर चिंगीचं तोंड नखाएवढं, ओठ काही दिसत नाहीत. शेवटी मी हिच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो. चिंगी बोलायची, मी तेच वाक्य हिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणायचो. ही उत्तर द्यायची, ते चिंगीला ऐकू जातच होतं.

एरवी कॉलच्या वेळी मी बाहेरच्या खोलीत असतो. शेवटी मला हाक मारतात, मी "काय गं, बरं आहे ना?" विचारतो, ती "हो बाबा" म्हणते, संपलं. आज पहिल्यांदा पूर्ण कॉल ऐकला. खोटं कशाला लिहू, मजा आली.

५ मार्च, गुरुवार

दिवसभर शोधाशोध. डिव्हाइस मॅनेजर उघडला. वायरलेस कार्ड दिसतंय, ब्लूटूथचं नाव नाही. पिवळं उद्गारचिन्हही नाही, म्हणजे तक्रारसुद्धा नाही. लपलेली उपकरणं दाखव म्हटल्यावर जुन्या कार्डाचं ब्लूटूथ फिकट अक्षरांत दिसलं, गेलेल्या माणसाचं नाव दारावर राहतं तसं. ते काढून टाकलं. नव्या कार्डाचा ड्रायव्हर उतरवून घेतला. तो म्हणतो, उपकरण सापडलं नाही. म्हणजे ड्रायव्हर आहे आणि गाडीच नाही.

ही दिवसभर फोनवर काहीतरी टाइप करत होती. चिंगीशीच असणार. विचारलं तर म्हणाली, "असंच."

८ मार्च, रविवार

लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे अगदी मुळातल्या सेटिंगांत, जाऊन आलो, तिथे ब्लूटूथ चालू-बंद करायची सोयच नाही. बॅटरी काढून, बटण दाबून धरून, सगळी वीज निथळून घेतली. कार्ड काढून परत बसवलं, तारा परत दाबल्या. ब्लूटूथ काही उगवलं नाही.

लिफ्ट कधी रुसत नाही. काहीतरी सैल असतं, काहीतरी घासत असतं किंवा कुणीतरी कुठेतरी बटण दाबून ठेवलेलं असतं. इथेही तसंच असणार. सापडेल.

संध्याकाळी कॉल. मी दुभाषा म्हणून हजर. आता मला जमायला लागलंय. चिंगीचं वाक्य संपायच्या आत मी हिला सांगायला सुरुवात करतो. ही मधे म्हणाली, "तिने एवढंच म्हटलं? तिचे ओठ जास्त हलले." मी म्हटलं, सार सांगितलं.

चिंगी मजेत आहे. काम ठीक, जेवण ठीक, सगळं ठीक. जावई दौऱ्यावर आहेत म्हणे. मागची भिंत पिवळी असायची, आता पांढरी आहे, नुसता एक खिळा ठोकलेला. विचारलं तर म्हणाली, घरात थोडे बदल चाललेत. लॅपटॉप पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला होता. मी सांगितलं, तसा ठेवू नकोस, खालून हवा लागत नाही, तापतो. "हो बाबा," म्हणाली.

११ मार्च, बुधवार

कॉल लवकर आटपला. मुलगी थकलेली वाटली. जावई अजून दौऱ्यावर. एवढं काय काम काढतात लोक!

नंतर ही माझा फोन आणि पट्टी घेऊन बाल्कनीत गेली. फोन अगदी नाकाला लावून बसली होती. डोळे बिघडवून घेईल. आत आली तेव्हा डोळे लाल झालेच होते. म्हटलं, "सांगितलं होतं ना, पडदा लहान आहे." हिने फोन माझ्या हातात ठेवला आणि भाजी चिरायला घेतली.

१३ मार्च, शुक्रवार

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी माझं कार्ड त्यांच्याकडच्या एका लॅपटॉपला लावून बघितलं. ब्लूटूथ लगेच दिसलं! म्हणजे कार्ड निर्दोष. दोष आमच्या लॅपटॉपच्या खाचेत.

"काका, कशाला डोकं फोडता?" बाई म्हणाल्या. "ब्लूटूथचा डोंगल मिळतो. यूएसबीत खुपसा, पट्टी जोडा, दोन मिनिटांचं काम. माझ्याकडे आहे, देऊ का?"

"बघतो," म्हटलं आणि निघालो.

का नाही घेतला? चालणारं यंत्र मी बंद पाडलं. आता त्याला बाहेरून कुबडी लावून, झालं नीट, असं म्हणायचं? ते मला पटत नाही. शिवाय घाई कुठे आहे? कॉल काही बंद पडलेले नाहीत. मी आहेच की.

घरी आल्यावर हिला डोंगलचं बोललो नाही. राहून गेलं.

१५ मार्च, रविवार

आज एक विचित्र प्रकार झाला. कॉल सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. चिंगी पाणी प्यायली, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, तू एकटी आहेस का?"

मी नेमाप्रमाणे हिला सांगितलं, "विचारतेय, तू एकटी आहेस का." आणि मग चिंगीला म्हणालो, "एकटी कशी असेल? मी बसलोय की इथे!"

चिंगी हसली. नंतर सगळं हवापाण्याचं बोलली. मी एकेक शब्द हिला पोचवला, काही गाळलं नाही. ही मात्र हवा कशी आहे ते ऐकताना माझ्याकडे असं बघत होती, जणू हवा मीच बिघडवली आहे.

१६ मार्च, सोमवार

हिला डोंगलचं कळलं. भाजी घेऊन येताना दुकानातल्या बाईंनी विचारलं म्हणे, "काकांनी दुसरीकडून घेतला का?"

भाजीची पिशवी ओट्यावर ठेवून ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दोन मिनिटांचं काम होतं, आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"मूळ दोष सापडायला हवा. उद्या तो डोंगलही..."

"मला मूळ दोष नकोय. मला माझ्या मुलीशी बोलायचंय."

"दर कॉलला बोलतेसच ना? मी सगळं सांगतो तुला."

"हो," ती म्हणाली, "तुम्ही सांगता."

हिचा आवाज एरवी थोडा चढाच असतो, ऐकू येत नसल्यामुळे. आज खाली होता. तो मला जास्त लागला. बुधवारपर्यंत नीट करतो, नाही झालं तर गुरुवारी डोंगल आणतो, असा शब्द दिला. ही म्हणाली, "बुधवारीच बघू काय ते." यात 'काय ते' म्हणजे काय, ते कळलं नाही.

१८ मार्च, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

दुरुस्ती झाली नव्हती. कॉल लागला. मी माझ्या खुर्चीवर. चिंगी म्हणाली, "कशी आहेस आई?" मी सांगितलं. ही उत्तर द्यायचं सोडून पडद्याकडे बघून सरळ म्हणाली, "वकील काय म्हणाले?"

चिंगीने माझ्याकडे बघितलं. मी हिच्याकडे बघितलं. मला वाटलं, घराच्या कागदपत्रांचं काही असेल.

"आई, नको," चिंगी म्हणाली.

मी हिला सांगितलं, "नको म्हणते."

"तिला सांगू दे," ही म्हणाली. "चिंगे, मला फोनवर तुझं निम्मं कळत नाही. मी रात्रभर उरलेलं निम्मं जुळवत बसते. माझ्याच्याने आता होत नाही. बाबा बसलेत, बसू देत. बोल."

चिंगी बोलायला लागली. मी सांगत गेलो. माझं काम तेच होतं.

"ती म्हणते, वकील म्हणाले, दोघांची संमती असेल तर फार वेळ लागणार नाही."

"ती म्हणते, तो तयार आहे."

"ती म्हणते, ती दिवाणखान्यातलं कपाट त्यालाच देणार आहे, नव्या खोलीत मावत नाही."

इथपर्यंत मी वाक्यं नुसती इकडून तिकडे ठेवत होतो, हमाल ठेवतो तशी. नव्या खोलीत, असं म्हणालो आणि मला कळलं. पांढरी भिंत, खिळा, खोकं. दौरा. मी थांबलो.

"पुढे?" ही म्हणाली. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

चिंगी म्हणाली, आणि मी सांगितलं, "बाबांना सांगू नकोस असं मीच तुला म्हटलं होतं."

"का, ते सांग तिला," असं मी चिंगीला म्हणालो. म्हणजे माझ्यासाठीच विचारलं, पण तोंडातून तसं निघालं.

तिने सांगितलं. तेही मी हिला सांगितलं, हिच्याकडे तोंड करून, सावकाश. बाबांना कळलं की ते लगेच त्याला फोन करतील. त्याच्या आईवडिलांना बोलावतील. सगळ्यांना समोर बसवून कुणाचं काय चुकलं ते शोधून काढतील. आणि ते सापडेपर्यंत मी कशी आहे, हे कुणी विचारणारच नाही. मला दुरुस्त करून नकोय काही. मला फक्त सांगायचंय.

शेवटचं वाक्य दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा माझे ओठ हिला वाचता आले नाहीत.

मग मायलेकी बोलत राहिल्या, मी मधे. भांडणं काही मोठी झाली नव्हती म्हणे. हळूहळू एकमेकांशी बोलणंच संपलं. हात उगारला का, असं हिने विचारलं. नाही म्हणाली. ते सांगताना मला जरा बरं वाटलं. कॉल संपताना चिंगी "येते हं, बाबा" म्हणाली. हे सांगायचं की नाही ते कळेना, मग तेही हिला सांगितलं.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी जावयाला फोन लावला. रिंग वाजायच्या आत कापला. परत लावला, परत कापला. मग फोन उशीखाली ठेवला आणि उशीवर बसलो.

हिला म्हणालो, "सहा महिने चाललंय म्हणतेस! माझ्याच घरातली गोष्ट मला माहिती नाही."

"विचारलंत कधी?"

"दर वेळी विचारायचो की. बरं आहे ना, म्हणून."

"त्याला 'नाही' म्हणायला जागा कुठे असते?"

अजूनही पुरतं पटलेलं नाही. माणसाने दुसरं काय विचारायचं असतं?

डोंगल आणायला निघालो तर दुकान बंद. दारावर पाटी, उद्या उघडेल. परत येऊन लॅपटॉपसमोर बसलो. निदान हे तरी.

२० मार्च, शुक्रवार

सापडलं.

परदेशातल्या कुणा माणसाने लिहून ठेवलंय. आमच्यासारख्या जुन्या लॅपटॉपांच्या खाचेत एक्कावन्न नंबरची पिन ब्लूटूथला सतत 'बंद राहा' असा निरोप देत असते. जुन्या कार्डाला तो निरोप कळत नव्हता, म्हणून ते चालायचं. नव्या कार्डाला कळतो, आणि ते बिचारं निमूटपणे बंद राहतं. उपाय काय, तर कार्डाच्या त्या एका पिनवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. निरोप पोचलाच नाही की झालं.

पिन केसाहून थोडी जाड. पट्टी तेवढीच कापायची, शेजारची पिन झाकता कामा नये. मी प्रयत्न केला. चष्मा, वर भिंग, तरी तुकडा बोटालाच चिकटायचा. ही दारात उभी राहून बघत होती. ही नोकरीत असताना दातांच्या कवळ्या बनवायची, दाढेवरच्या खाचासुद्धा हाताने कोरायची. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. तिनेच विचारलं, "मी करू?"

बारीक चिमटा आणला, पट्टी काचेवर ठेवून ब्लेडने कापली आणि एका झटक्यात लावली. पहिल्यांदा कार्ड मी खाचेत घातलं, त्यात पट्टी सरकली. दुसऱ्यांदा कार्डही हिनेच बसवलं. मी टॉर्च धरला.

चालू केला. थोडा वेळ काही नाही. मग कोपऱ्यात ते निळं चिन्ह आलं.

हिने पट्टी गळ्यात घातली. मी बघत बसलो. मला काही ऐकू आलं नाही, पण हिचा चेहरा एकदम वळला.

"वाजलं," म्हणाली. "लागली."

चाचणीसाठी बातम्या लावल्या, स्पीकर बंद करून. निवेदिकेचे ओठ हलत होते, खोलीत शांतता, आणि ही मान डोलवत होती. मी विचारलं, "काय म्हणतेय?"

हिने मला सगळं सांगितलं. सार नाही, वाक्यन् वाक्य.

२२ मार्च, रविवार

कॉल लागताच उठलो. बाहेर येऊन दार ओढून घेतलं. वाळलेले कपडे होते त्यांच्या घड्या घातल्या. संपल्या. उशांचे अभ्रे बदलले. ते बदलायचे नव्हते. आतून हिचा आवाज यायचा, मग बराच वेळ शांतता, म्हणजे तिकडून चिंगी बोलत असणार. एकदा ही मोठ्याने हसली. कशावर ते मला कधी कळणार नाही, असं मनात आलं आणि वाईट वाटलं. मग वाटलं, हसली ना.

शेवटी दार उघडलं. "बोलावतेय तुम्हाला."

"कशाला?"

"मला काय माहीत? तुमच्याशी बोलायचंय." स्पीकर चालू करून दिला आणि ही स्वयंपाकघरात निघून गेली.

खोलीत मी, पडद्यावर चिंगी. गेले काही दिवस मी तिच्यासमोर इतकं बोललो, पण त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. "काय गं," म्हणालो. पुढचे शब्द जिभेवर आले होते, ते गिळले. वकिलाला विचारायचे मुद्दे सकाळीच मनात तयार केले होते, तेही आत राहू दिले.

"घर दाखव," म्हणालो.

तिने लॅपटॉप उचलला. एक खोली. खिडकी, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, जमिनीवर गादी. मग छोटंसं स्वयंपाकघर. नळ गळत होता, खाली पातेलं लावलेलं. मी बघतोय हे तिने बघितलं.

"गळतो," म्हणाली.

"हं," म्हणालो.

ती तिथेच ओट्याला टेकून जमिनीवर बसली आणि बोलायला लागली. पहिल्या आठवड्यात उभ्यानेच जेवायची म्हणे, कारण बसलं की समोर कुणी नाही हे दिसायचं. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. सामान आणायला जुन्या घरी गेली तेव्हा त्याने चहा करून दिला, आणि तो चहा तिला फार आवडला, आणि त्याचंच तिला जास्त रडू आलं. मला यातलं सगळंच समजलं असं नाही. दोन-तीनदा माझं तोंड उघडलं. मिटलं. मागे पातेल्यात थेंब पडत होते.

मधेच ती थांबली. पडद्याजवळ आली, काचेवर टकटक केलं.

"बाबा? अडकलात का? नेट गेलं वाटतं."

"नाही गं. आहे."

"हललात नाहीत ना कधीपासून."

"नेट चांगलंय. तू बोल."

बराच वेळ बोलली. शेवटी उठता उठता तिनेच विचारलं, नळाचा वायसर कसा बदलतात. सांगितलं. खालची तोटी आधी बंद करायची, हेही सांगितलं. उद्या ऑफिसातून आल्यावर ती स्वतः बदलणार आहे. मी कॉलवर थांबायचं, पण तिने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं ठरलंय.